शेठ, आमच्या ह्यांना शोधून आणा

आमच्या सोसायटीत एक कोट्यधीश राहत होता. वन बीएचकेत. सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला, बाथरूमच्या कुजलेल्या दाराला खालून पत्रा ठोकलेला. नेरूळ स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला नुसतं ‘झुंबरशेठच्या बिल्डिंगला’ म्हटलं की पुरायचं, सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगावा लागायचा नाही. मी या सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं माझ्या डोक्यावर, पण इमारत ओळखली जायची ती माझ्या समोरच्या दारातल्या मनोहरकाकांमुळे. म्हणजे त्यांच्याही नावानं नाही, त्यांनी टीव्हीवर केलेल्या शेठच्या नावानं.

झुंबरशेठ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगात वांगी रंगाचा मखमली झगा, त्याला सोनेरी काठ, डोक्यावर कानटोपी आणि दोन पायांत दोन वेगळे जोडे. दिवाणखान्यात जिथे लोक वाडवडिलांच्या तसबिरी लावतात तिथे याच्या लाडक्या म्हशीची तसबीर, हार घातलेली. कंपनीची मीटिंग झोपाळ्यावर चालायची आणि ज्याला बोलायचं असेल त्यानं आधी झोका द्यायचा. मॅनेजर कोटींच्या गोष्टी करायला लागला की शेठ ओरडायचा, ‘पैसा गेला खड्ड्यात, आधी चहा आण!’ आणि दर आठवड्याला कुणीतरी रडत त्याच्या बंगल्यावर यायचं. कुणाचा हरवलेला भाऊ, कुणाची पळालेली शेळी. शेठ आपली माणसं, मोटारी, एकदा तर हत्ती पाठवून ते हरवलेलं शोधून आणायचा. मालिकेचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण चहाची ती ओळ नेरूळच्या भाजीबाजारात काकांच्या पाठीमागून अजून यायची.

नाटकांतल्या, मालिकांतल्या या विक्षिप्त श्रीमंतांची एक जातच असते. त्यांच्या बंगल्यातला जिना त्यांना थाटात उतरता यावं एवढ्यासाठीच बांधलेला असतो. त्यांना बायको नसते, असलीच तर भिंतीवर असते. मृत्युपत्र बदलायला वकील सोफ्यावर तयारच. मी एकदा काकांना म्हटलं, ‘असा श्रीमंत मी तरी कुठे बघितला नाही बाई.’

‘बघणार कुठून?’ काका म्हणाले. ‘खरे श्रीमंत फार कंटाळवाणे असतात, सेक्रेटरीबाई. हा श्रीमंत गरिबानं रविवारी दुपारी पडल्या पडल्या बनवलाय. आपल्याकडे असतं तर आपण काय केलं असतं, ते हा करतो.’

अभिनयाचं त्यांचं सगळं शास्त्र एका खुर्चीत मावायचं. कोट्यधीश बसताना मागे वळून बघत नाही, असं ते सांगायचे. खुर्ची तिथे आणून ठेवणं हे दुसऱ्याचं काम, आपण फक्त बसायचं. तुमच्या-माझ्यासारखा माणूस मात्र बसण्याआधी हमखास मागे बघतो. हे शास्त्र त्यांच्या अंगाशी आलं ते शेजारच्या सारसोळे गावच्या गणपतीत. मंडळानं त्यांना शेठच्या वेषात बोलावलं होतं. काका स्टेजवर आले, लोकांना हात केला आणि न बघता बसले. कार्यकर्त्यांनी खुर्ची ऐन वेळी आमदारांच्या माणसासाठी उचलली होती. काका सरळ फळ्यांवर. पब्लिक हसून लोळायला लागलं, आणि हे बसल्या जागेवरून गंभीरपणे म्हणाले, ‘पैसा गेला खड्ड्यात, आता मी पण गेलो.’ नंतर दोन आठवडे कमरेला पट्टा होता, ते मंडळाला माहीत नाही.

प्रत्यक्षातले काका शेठच्या बरोब्बर उलटे. मूळचे कोकणातले, महाप्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून सगळी नोकरी झाली, शिफ्ट संपली की कामगारांची नाटकं, त्यातूनच पुढे टीव्हीवरचा शेठ मिळाला. दुधाच्या पिशवीचं रबर मनगटात घालून ठेवायचे, लागतं म्हणून. दिवसा जिन्यातला दिवा चालू दिसला तर तो बंद करून वर माझ्या दाराशी येऊन मलाच सुनवायचे. शर्टाचं बटण स्वतः लावायचे आणि दोरा दातानं तोडायचे.

पाठांतर मात्र त्यांचं कच्चं. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. आमच्या मजल्याला माहीत होतं, कारण सिडकोच्या पातळ भिंती. सकाळी सुलभाकाकू पोळ्या लाटायच्या आणि काका हॉलमध्ये फेऱ्या मारत संवाद म्हणायचे. कुठेतरी अडायचे. की लगेच स्वयंपाकघरातून, लाटणं न थांबवता, पुढचे शब्द यायचे. काका ते उचलून पुढे जायचे. काकूंच्या हातात मी कधी कागद पाहिला नाही, ऐकून ऐकून त्यांना नुसते काकांचेच नाही, मॅनेजरचे आणि शेळीवालीचेही संवाद पाठ असायचे. ‘ह्यांची शेवटची ओळ नेहमी माझ्याकडेच असते,’ असं त्या हळदीकुंकवाला हसत सांगायच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. ‘हे’ म्हणजे हे.

एक दिवस काका अडले आणि आतून शब्द आले नाहीत. मी ऑफिसला निघाले होते, हातात कुलूप होतं. काकांनी ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा तिथेच थांबले. लाटणं थांबलं. काकू बाहेर आल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, ‘काय हवंय तुम्हाला?’ त्यातला ‘तुम्हाला’ मला अजून ऐकू येतो. आम्ही पाहुण्याला म्हणतो तसा होता.

मग डॉक्टर झाले, मेंदूचे फोटो झाले, गोळ्या झाल्या. काकू हातातून निसटतच गेल्या. त्यांना त्यांची आई आठवायची, शाळेतली विहीर आठवायची, नवरा आहे हेही पक्कं आठवायचं. फक्त समोरचा पांढऱ्या केसांचा म्हातारा तो नवरा आहे, हे पटायचं नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी काकांना बाहेर काढून दाराला कडी घातली. ‘हे घरी नाहीत. परक्या माणसानं घरात बसू नये,’ एवढंच त्या आतून म्हणत होत्या. काका बनियनवर जिन्यात. मी त्यांना माझ्याकडे बसवलं, पाणी दिलं. ते उठून बेल मारायचे, काकू सेफ्टी डोअरमधून बघायच्या आणि आतलं दार लावून घ्यायच्या. सकाळपासून काकूंच्या पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज मोठा झाला. जुनी मालिका पुन्हा दाखवत होते. शेठ मॅनेजरला झापत होता आणि काकू खळखळून हसत होत्या. काका माझ्या हॉलमध्ये मान वाकडी करून स्वतःचाच आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘झगा सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आहे ना?’

होता. पोरांच्या फॅन्सी ड्रेससाठी त्यांनीच सोसायटीला दिलेला. मी खाली जाऊन घेऊन आले, कानटोपीसकट. काकांनी तो बनियनवरच चढवला, एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात माझ्या नवऱ्याचा बूट घातला. बेल मारली ती शेठसारखी, एक लांब आणि दोन तुटक. दार उघडलं.

‘अय्या, शेठ. या ना,’ काकू म्हणाल्या. ‘बसा. हे येतीलच इतक्यात.’

काका मागे न बघता बसले. ‘पैसा गेला खड्ड्यात, वहिनी,’ ते म्हणाले, ‘आधी पानं घ्या. दोघांची.’

काकू जेवल्या. मी माझ्या दारात उभी राहून रडले, आणि मी काही फार रडणारी बाई नाही.

त्यानंतर काका शेठच झाले. त्या उकाड्यात, वीज गेली तरी, मखमल अंगावर. दूध आणायला त्याच वेषात, कारण परत येताना दार शेठलाच उघडायचं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरले, खाली ‘शेठ फुल टाइम ड्यूटीवर’ असं काहीबाही. एकानं तर विचारलं, ‘मॅडम, काकांना थोडं मेंटल वगैरे झालंय काय?’ मी त्याला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका स्वतः काही बोलायचे नाहीत. एकदाच, जिन्यात घाम पुसत म्हणाले, ‘सेक्रेटरीबाई, एवढा लांब प्रयोग कधी केला नव्हता. मध्यंतरच नाही.’

सारसोळ्याची हिराबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिनं पहिल्याच दिवशी सगळं ओळखलं. पाटी उतरवून झग्याकडे नीट बघितलं आणि काहीही न विचारता म्हणाली, ‘शेठ, मांदेली ताजी हाय. वयनीला आवारतान.’ काकू तिला सांगायला लागल्या की हे कधीचे गेलेत, अजून आले नाहीत, आणि डोळ्यांना पदर लावला. हिराबाई फतकल मारून त्यांच्याजवळ बसली. ‘नको ररू वयनी. शेठ हाय ना. यो आनंल शोदून.’ काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवशी मांदेली कुणीच घेतली नाहीत.

काकूंनी हे बोलणं मनावर घेतलं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले असताना त्या शेठपुढे हात जोडून म्हणाल्या, ‘तुमच्याकडे माणसं आहेत, मोटारी आहेत. तुम्ही त्या बाईची शेळीसुद्धा आणून दिलीत. शेठ, आमच्या ह्यांना शोधून आणा.’

शेठ कधी नाही म्हणत नसे. ‘आणतो,’ काका म्हणाले. ‘नाव काय त्यांचं?’

काकू लाजल्या. सगळं गेलं होतं आणि लाजणं तेवढं जागच्या जागी होतं. नाव तसं कसं घेणार? त्या सावरून बसल्या, अंगातल्या निळ्या मॅक्सीच्या खांद्यावर नसलेला पदर ओढला आणि म्हणाल्या,

‘फ्लेमिंगो आले पाहुणे, गुलाबी झाली खाडी,
मनोहररावांचं नाव घेते, नेसून हिरवी साडी.’

नेरूळला राहायला आल्यावर पहिल्या हळदीकुंकवाला त्यांनी केलेला उखाणा होता तो. काकांनी झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. त्यांचं नाव त्या घरात कितीतरी महिन्यांनी उच्चारलं गेलं होतं. मग शेठच्या आवाजात ते म्हणाले, ‘पण वहिनी, खोटे लोकही येतील. मीच तो, म्हणतील. ओळखायचं कसं?’

‘दारात अडवीन,’ काकू ठामपणे म्हणाल्या. ‘लग्न करून आलो तेव्हा वन्संनी अडवलं होतं ना, तसं. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. त्यावरून मी बरोब्बर ओळखीन.’

दुसऱ्या दिवशी काका माझ्या स्वयंपाकघरात. डोळ्यांत चमक. इतके आनंदात मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघत होते. ‘वरात दारात आली तेव्हा बहिणीनं अडवलं,’ ते सांगायला लागले, ‘आणि मी, स्टेजवर नाचणारा माणूस, उखाण्यात अडलो. ततपप झालं. गाव हसलं. हिनं जन्मभर चिडवलं त्यावरून. आता एकदा नीट म्हणून दाखवतो.’ त्यांनी मला तो म्हणून दाखवला. मी भाजी चिरत होते. ते ओट्यापाशी उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, हात कुठे, श्वास कुठे, सगळं बसवत होते. शनिवारी सकाळी दाढी केली, पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. शेठ म्हणून काकूंना सांगून गेले, ‘माणसं पाठवली होती, सापडले. घेऊन येतो.’ मी काकूंजवळ थांबले. त्यांना हिरवी साडी मीच नेसवली.

बेल वाजली. एकदाच, साधी. काकू उठल्या, दार उघडलं आणि चौकटीला आडवा हात लावून उभ्या राहिल्या. बाहेर मनोहरकाका. झगा नाही, टोपी नाही, दोन्ही पायांत एकच जोड. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा, खोटं नाही सांगत, उजळला. ‘नाव घ्या,’ त्या म्हणाल्या.

काकांनी मान किंचित तिरकी केली, हसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

‘अंगणात सांडला प्राजक्ताचा सडा,
सुलभाचं नाव घेतो, वाट आता सोडा.’

मी काकूंच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं. ‘नाव घेतो’पाशी त्यांचे ओठ हलायला लागले होते, काहीतरी म्हणायला उघडले होते. ओळ पुरी झाली आणि ते मिटले. हात चौकटीवरून खाली आला. माझ्याकडे वळून, त्या माणसाला लागू नये अशा हळू आवाजात त्या म्हणाल्या, ‘हे नाहीत ते.’

काका तसेच उभे.  काकू कुणाला तोडून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, दारी आलेल्याला तसंच पाठवणंही त्यांच्यात नव्हतं. ‘उन्हातून आलात, चहा घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. काका आत आले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीपाशी, त्यांनी आधी मागे वळून बघितलं आणि मग टोकावर बसले. चहा मी केला. त्यांनी तो बशीत न ओतता, परक्याच्या घरी पितात तसा पटकन प्यायला आणि ‘येतो’ म्हणून निघून गेले.

थोड्या वेळानं एक लांब आणि दोन तुटक बेल वाजली.

‘शेठ, त्या माणसाला रागावू नका हं,’ काकूंनी दारातच सांगितलं. ‘गरीब होता बिचारा. चांगला होता. पण आमचे नव्हेत ते.’

‘उखाणा तर बरोबर म्हटला ना त्यानं?’ शेठनं विचारलं. आवाज शेठचा राहिला नव्हता.

‘तेच तर. आमच्यांना पुरा येतच नाही. तेव्हा दारात अडले, सगळे हसायला लागले, आणि मी शेजारून हळूच सांगितलं, ‘वाट आता सोडा’. मग म्हणाले. पुढेही सगळं असंच, शेवटचं मीच सांगायचं.’ काकूंनी मान हलवली. ‘ह्या माणसानं माझ्यासाठी काही ठेवलंच नाही.’

इतक्या वर्षांत काकांनी ही एकच ओळ चोख पाठ केली होती. नेमकी हीच. नट होते, चुकलेला प्रवेश सुधारायला गेले. मला त्यांचा राग आला, देवाचा आला, ते घोकत असताना मी भाजी चिरत बसले म्हणून त्या भाजीचासुद्धा आला.

‘पुन्हा जातो,’ दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. ‘अडून दाखवतो.’ आणि माझ्या ओट्यापाशी तालीम सुरू केली. ‘सुलभाचं नाव घेतो’ म्हणून थांबायचे, पण ते थांबणं बघूनच कळायचं की पुढचं येतंय. एकदा चाचरले, तर इतकं सुरेख चाचरले की मलाच हसू आलं. काका ओट्याला टेकून उभे राहिले. ‘चुकायची तालीम करता येत नाही हो,’ म्हणाले.

करायला वेळही मिळाला नाही. काकूंना ताप आला, छातीत कफ भरला, दवाखान्यात हलवावं लागलं. अतिदक्षता विभागात आत जाताना सगळ्यांना तोच हिरवा कागदी झगा, तीच टोपी, तोच मास्क. आत कोण गेलं, शेठ की काका, ते त्या पोशाखात कुणालाच कळलं नसतं. काकूंनी डोळे उघडलेही नाहीत. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, ‘ती विचारत असेल का हो, हे आले का म्हणून?’  तिसऱ्या दिवशी पहाटे काकू गेल्या. त्यांच्या लेखी त्यांचे हे अजून यायचेच होते.

मुलगा नागपूरहून आला होता. दिवस झाल्यावर तो काकांना घेऊन जायला निघाला. फ्लॅट बंद करून चावी माझ्याकडे दिली. झगा काकांनी घडी घालून सोसायटीच्या कपाटात परत ठेवला होता, पोरांना लागेल म्हणून. सकाळची वेळ, मुलगा खाली गाडीत सामान भरत होता, आणि मी काकांना द्यायला डब्यात लाडू भरत होते. तेवढ्यात समोरची बेल वाजली. एकदाच, साधी.

मी दार किलकिलं केलं. काका स्वतःच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभे होते. तोच पांढरा शर्ट. मनगटात दुधाचं रबर. बेलवरून हात काढून ते दोन पावलं मागे सरले, कुणी दारात उभं राहून अडवलं की सरतो तसे.

‘अंगणात सांडला प्राजक्ताचा सडा,’ ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. ‘सुलभाचं नाव घेतो…’

आणि अडले. खरेच अडले. मला त्यांच्या तालमी माहीत होत्या, ही तालीम नव्हती. ओठ पुढच्या शब्दासाठी हलत होते आणि शब्द येत नव्हता. ‘घेतो…’ ते पुन्हा म्हणाले आणि कान दाराकडे करून थांबले. मला ती ओळ येत होती. माझ्या ओठांवर होती. पण ती माझी नव्हती, म्हणून मी तोंडावर हात धरून उभी राहिले.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. काकांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग पायातल्या चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवल्या, शर्टाची कॉलर सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.